मिलिटरी डिस्पोजलची सीजे-३बी जीप आणि उद्यमबागेतलं बिनबोर्डाचं गॅरेज

बेळगावात जुनी जीप करून घ्यायची म्हटली की लोक लगेच लांबचे पत्ते सांगतात, दिल्लीचं काश्मिरी गेट, हरियाणातलं डबवाली, नाहीतर मुंबईत कुर्ला. पार्टसाठी ठीक आहे हो, पण कामासाठी एवढं लांब जायची गरज नाही. खानापूर रोडनं तिसरं रेल्वे गेट ओलांडून उद्यमबागेत आत शिरलात की मागच्या अंगाला एक पत्र्याचं शेड आहे, बोर्ड नाही, बाहेर दोन-तीन चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) उभ्या टेकवून ठेवलेल्या असतात, तेच हे गॅरेज. नाव विचारू नका, 'जीपवाले मामा' म्हणा, टपरीवरचा कुणीही दाखवतो. बाप-लेक दोघं चालवतात, हाताखाली पोरं आहेत, पेंटर बाहेरून येतो. गडहिंग्लज, चंदगड, सावंतवाडी, कोल्हापूर अशा सगळ्या बाजूच्या गाड्या तिथं दिसतात. माझी जीप तिथंच झाली आणि मी मनापासून खूश आहे, काही गोष्टी आवडल्या नाहीत त्या पण खाली लिहितोय.

आधी गाडी कुठली ते सांगतो म्हणजे काम कळेल. महिंद्राची सीजे-३बी, १९६८ सालची, आर्मीतनं लिलावात निघालेली, नंतर निपाणीकडच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं शेतावर वापरली आणि मग ती वखारीत तशीच उभी राहिली. ३बी म्हणजे उंच बॉनेटवाली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच होते आणि ताकद ६० हॉर्सपॉवर, पुढं विलीजनं त्याच २१९९ सीसीच्या ब्लॉकवर इनटेक (पेट्रोल-हवा आत घेणारे) व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि एक्झॉस्टचे (धूर बाहेर सोडणारे) खालीच ठेवले, ह्याला एफ-हेड म्हणतात, इंजिनची उंची वाढली म्हणून बॉनेट उचललं. अमेरिकेत १९५३ ला ही गाडी आली आणि आपल्याकडं महिंद्रानं पुढं कितीतरी दशकं बनवली, म्हणून आज पार्ट मिळतात. पहिल्यांदाच जुनी लष्करी गाडी घेणाऱ्यानं हीच घ्यावी, जोंगाच्या मागं लागू नये, हे माझं ठाम मत. जोंगा मलाही आवडते, जबलपूरची लष्करी गाडी, निसानच्या 'पॅट्रोल' नावाच्या जीपवरनं केलेली, धोनीनं २०१९ ला घेतल्यापासून तर पोरांना तीच पाहिजे असते. पण ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे ते, आणि गाडी १९९९ ला बंद झाली. तेवढं पेट्रोल पाजायची आणि पार्ट हुडकत फिरायची तयारी असेल तरच.

बेळगावात हे वेड जास्त का, तर गावातच कॅम्प, म्हणजे लष्कराची छावणी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून इथं, १९६१ ला गोवा मुक्तीच्या कारवाईच्या वेळी १७ इन्फंट्री डिव्हिजन आणि ५० पॅरा ब्रिगेडची जमवाजमव इथंच झाली, त्या वेळचे जीपांचे ताफे बघितलेली म्हातारी माणसं अजून भेटतात. गॅरेजवर रिटायर्ड सुभेदार, हवालदार नुसते बघायला म्हणून येऊन बसतात आणि खरं सांगतो, त्यांच्याकडनं जे कळतं ते कुठल्याच पुस्तकात नाही. माझ्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलवर (दोन चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा) चिखलाखाली पांढरा रंग निघाला, पोरं म्हणाली कुणीतरी उगाच मारलाय. एका सुभेदार काकांनी सांगितलं, रात्री कॉन्व्हॉय चालताना बाकीचे लाइट बंद ठेवून फक्त त्या पांढऱ्या गोळ्यावर एक छोटा दिवा लावायचा आणि मागच्या ड्रायव्हरनं तेवढ्यावर नजर ठेवून गाडी हाणायची. त्या दिव्याचं ब्रॅकेट गाडीला अजून होतं. मामांनी रंग पण ठेवला, ब्रॅकेट पण ठेवलं, दिवा पण बसवून दिला.

आता गॅरेजचा पहिला नियम. कागद दाखवल्याशिवाय मामा गाडीला हात लावत नाहीत. मला सुरुवातीला वाटलं काय हे, पण बरोबर आहे त्यांचं. डिस्पोजलची गाडी म्हटली की लिलावात घेतल्याचा कागद, त्याच्यावरनं आरटीओनं केलेलं सिव्हिल रजिस्ट्रेशन, आणि आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी अक्षर-न्-अक्षर जुळला पाहिजे. मामा स्वतः वायर ब्रश घेऊन बसतात, नंबर घासून काढतात आणि कागदाशी लावून बघतात. जुळला नाही तर गाडी परत. माझ्यासमोर एकाला परत पाठवलं, चांगली गाडी होती, म्हणाले "बॉडी मी करून देतो की, नंबर कुठला आणू?"

विंटेज रजिस्ट्रेशनबद्दल इथं सांगतो कारण सगळे गोंधळतात. जुलै २०२१ मध्ये केंद्राचा नियम आला, पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी, मूळ रूपात ठेवलेली, तिला व्हीए अक्षरं असलेला वेगळा नंबर मिळतो, नवीन रजिस्ट्रेशनची फी २० हजार, मुदत १० वर्षं. पण ही पन्नास वर्षं पहिल्या रजिस्ट्रेशनपासून मोजतात. माझी गाडी बनली १९६८ ला, पण आर्मीतनं निघून सिव्हिल रजिस्ट्रेशन झालं १९८४ ला, म्हणजे आर्मीतल्या नोकरीची वर्षं त्यात धरतीलच असं नाही. तेव्हा विकणारा "विंटेज होतंय बघा" म्हणून भाव वाढवून सांगत असेल तर आरसीवरची तारीख बघा, गाडीच्या वयाला भुलू नका. आणि माझ्या मते साधं रजिस्ट्रेशनच बरं, दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून रिन्यू करायचं आणि गाडी रोज चालवायची, कारण विंटेज नंबरची गाडी नेहमीच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मला तर ही भाजी आणायला पण न्यायची असते.

कामाला मामांनी सुरुवात चेसिसपासून केली. बॉडी पूर्ण उचलली, चेसिस घासून मोकळी केली, आणि स्प्रिंगच्या हँगरपाशी आणि मागच्या क्रॉस मेंबरला जिथं गंज होता तिथला पत्रा कापून तेवढ्याच जाडीचा नवीन घातला. वरून पॅच मारून पुटी भरायचं काम त्यांच्याकडं होत नाही. आपल्याकडचा पाऊस, त्यात खानापूर साइडचा, पुटीखाली पाणी शिरलं की दोन पावसाळ्यात सगळं फुगून वर येतंय. फ्लोअर नवीन झाला. ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते ह्या गाडीत, ती आतनं गंजली होती, उघडून साफ करून घेतली.

सगळ्यात भारी काम झालं ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून पुढं सायलेन्सरकडं नेणाऱ्या ओतीव नळाचं, आणि त्याच्याबद्दल मला नीट लिहायचंय. ह्या इंजिनात इनटेकचा मार्ग हेडमध्येच ओतलेला असतो, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड मात्र वेगळा, ब्लॉकच्या बाजूला. सारखा तापतो, गार होतो, त्यात पावसाचं पाणी उडतंय, त्यामुळं तडकणं हे ह्याचं ठरलेलं दुखणं. माझा दोन ठिकाणी तडकला होता. बाजारातला नवीन मागवला तर भिंत पातळ आणि फ्लँज (बोल्टनं आवळायचं सपाट तोंड) ब्लॉकवर सपाट बसेना. कुणीही दुसऱ्यानं जाड गॅस्केट घालून गाडी दिली असती. मामा म्हणाले ओतूनच घेऊया की, फाउंड्रीच्या गावात बसून हे असलं काय लावायचं. मग जुना मॅनिफोल्ड घेऊन पॅटर्नवाल्याकडं (ओतकामासाठी लाकडी नमुना करणाऱ्याकडं) गेले, मी पण गेलो. बीड (कास्ट आयर्न) ओतलं की गार होताना साधारण एक टक्का आकसतंय, म्हणून जुन्या पीसचं हुबेहूब माप घेऊन लाकडाचा पॅटर्न केला तर ओतलेला माल लहान निघणार, बोल्टची भोकं जुळणार नाहीत. पॅटर्नवाल्याकडं ह्यासाठी वेगळी पट्टीच असते, तिच्यावरचे इंच मुळातच तेवढे वाढवलेले. त्यात फ्लँजच्या तोंडाला मशीनिंगसाठी थोडं जास्तीचं माप. आणि आतनं धूर जायचा पोकळ मार्ग, त्याला वाळूचा कोअर वेगळा करावा लागतो. पहिला पीस आला त्यात कोअर सरकला होता, एक बाजू जाड, एक पातळ. बाहेरून बघून काहीच कळत नव्हतं, मामांनी तोंडाशी कॅलिपर लावला आणि तिथल्या तिथं परत केला. दुसरा बरोबर आला. मग फ्लँज एका सेटिंगमध्ये फेसिंग करून घेतल्या, म्हणजे सगळी तोंडं एकाच पातळीत. बसवल्यावर पण एकदम आवळून टाकला नाही, इंजिन तापवलं, पूर्ण गार होऊ दिलं, मग परत आवळलं. आता हाताने चाचपून बघा, कुठनं फुसफुस नाही. असं काम करायला फाउंड्री, पॅटर्नवाला, मशीन शॉप सगळं एका चालण्याच्या अंतरावर लागतं आणि ते उद्यमबागेत आहे, म्हणूनच मी म्हणतोय गाडी ट्रेलरवर घालून लांब पाठवू नका.

इंजिनचं बाकी काम नेहमीचं. बोअर ३ पूर्णांक १/८ इंच आणि स्ट्रोक ४ पूर्णांक ३/८ इंच, म्हणजे लांब स्ट्रोकचं इंजिन, म्हणून खालच्या आरपीएमला एवढं ओढतं. बोअर झिजले होते, ओव्हरसाइज पिस्टन घातले, क्रँक ग्राइंड केला, इनटेक व्हॉल्व्हची फट १८ थाव (थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि एक्झॉस्टची १६ थाव अशी गार इंजिनवर सेट केली. एक्झॉस्टचे टॅपेट बाजूचं कव्हर काढून खालनं लावायचे असतात, त्याला हात वाकडा करून बसावं लागतं म्हणून बरेच मेस्त्री ते करतच नाहीत. इथं मुलानं केलं, माझ्यासमोर.

डिझेल इंजिन घालायचा विषय मी काढायच्या आधीच मामांनी संपवला. आपल्याकडं निम्म्या जीपांत एक्सडीपी नाहीतर डीआय बसवलेलं दिसेल, पेट्रोल परवडत नाही म्हणून. पण मोटार वाहन कायद्याच्या ५२ कलमाप्रमाणं कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये असा मनानं बदल करता येत नाही, आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असलं की फिटनेसला अडकणार, आणि मूळपणा गेला तो गेलाच. लष्करी गाडी म्हणून घ्यायची आणि तिचं काळीजच बदलायचं हे मला स्वतःला पटत नाही. ज्याला रोज पन्नास-साठ किलोमीटर कापायचेत त्यानं सरळ दुसरी गाडी घ्यावी.

पेट्रोलवरनं आठवलं, ई-२० चं बघा. २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल, आता जवळपास सगळ्या पंपांवर तेच मिळतंय. इथेनॉल आपल्याच उसातनं होतंय, चिकोडी-गोकाक भागातल्या कारखान्यांचा त्यात मोठा वाटा आहे, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात त्याबद्दल मला आनंदच आहे. पण १९६८ च्या गाडीचं रबर त्यासाठी केलेलं नाही. जुने रबरी पाइप मऊ पडतात, फुगतात, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम जातो, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणून गाडी उभी राहिली की टाकी आतनं गंजते. मामांनी सगळे पाइप व्हायटॉनचे (इथेनॉलला टिकणारं रबर) घातले, पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलला चालणारा घातला, टाकी आणि पंपाच्या मधे काचेचा फिल्टर दिला म्हणजे पाणी साठलं की डोळ्यानं दिसतं. जुनी पेट्रोल गाडी कुठल्याही गॅरेजला करत असाल तरी एवढं करूनच घ्या, सीटखाली टाकी असलेल्या गाडीत पाइप गळणं म्हणजे चेष्टा नाही.

रंगाबद्दल. सगळ्यांना ऑलिव्ह ग्रीन पाहिजे असतो, मला पण पाहिजे होता. पेंटर मूळचा बैलहोंगलकडचा, मराठी-कन्नड मिसळून बोलतो, कुठलंही काम सांगा "आगतैत री" (होतंय हो) म्हणतो, पण ह्याला तो पण नाही म्हणाला. केंद्रीय मोटार वाहन नियमातला १२१ नंबरचा नियम आहे, ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. तसंच वर बाण असलेली नंबर प्लेट आणि युनिटची चिन्हं, हे त्या गॅरेजमध्ये रंगवून मिळत नाही, कितीही पैसे द्या. मला हे फार आवडलं. ज्यांनी खरंच ती गाडी वर्दीत चालवली त्यांचं ते आहे, आपण हौसेपोटी मिरवायचं नाही. आम्ही मातकट खाकी घेतला, मॅट, आणि ऊन पडलं की तो असा काही दिसतो की ऑलिव्ह ग्रीनची आठवण पण येत नाही. रंग घासताना बॉनेटवर थराखाली जुना आर्मी नंबर पुसट निघाला होता, मुलानं काम थांबवून फोटो काढून ठेवला आणि मला पाठवला, हे कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

ब्रेक. ही एक गोष्ट नवीन घेणाऱ्यानं डोक्यात पक्की ठेवावी. चारही ड्रम आणि सर्किट एकच, म्हणजे कुठंही एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. हँडब्रेक पण चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) मागं एक ड्रम असतो त्याच्यावर, तो गाडी उभी असतानाच ओढायचा. मामांनी सगळे पाइप नवीन केले, व्हील सिलिंडर नवीन, मास्टर सिलिंडर नवीन, आणि चालवायला देताना स्वतः शेजारी बसून इंजिन ब्रेकिंगवर गाडी उतरवायला शिकवलं. स्टीअरिंगचा बेलक्रँक झिजला होता, त्यानं पुढची चाकं थरथरायची, तो बुशसकट बदलला, किंगपिनच्या बेअरिंगला शिम घातल्या. आता स्टीअरिंग सरळ आहे, जुन्या जीपला असतो तेवढा खेळ आहे, तो राहणारच.

चालवायला कशी? येळ्ळूरवरनं राजहंसगडावर नेली. वरच्या चढाला फोर व्हील टाकून लो रेंज लावली, लो चं गुणोत्तर २.४६, त्यात डिफरन्शियल ५.३८, गाडी अॅक्सिलरेटर न देता मुंगीच्या चालीनं चढते आणि बंद पडत नाही, एवढं समाधान मला कुठल्या नवीन गाडीत मिळालेलं नाही. जांबोटी-कणकुंबी रस्ता पण मस्त, जंगलातनं, ५० च्या स्पीडनं. हायवेला मात्र घेऊ नका, त्याच ५.३८ मुळं ६० च्या पुढं इंजिन ओरडायला लागतं, आणि कोल्हापूरच्या बाजूला जाणाऱ्या ट्रकांच्या मधे ही गाडी चालवण्यात काही मजा नाही. फर्स्ट गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पडायची सोय) नाही, गाडी पूर्ण उभी करूनच टाकायचा. फोर व्हील डांबरी रस्त्यावर लावून ठेवायचं नाही, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे डिफरन्शियल नाही, वळणावर सगळं आवळून येतं. मायलेज मला सात-आठ मिळतंय.

न आवडलेलं. वेळेचा शब्द पाळत नाहीत, पावसाळ्यापूर्वी देतो म्हणाले आणि गाडी मिळाली दसरा झाल्यावर. फोन उचलत नाहीत, समोर जाऊन उभं राहिलं तरच काय झालं ते कळतं, बाहेरगावच्या माणसाला हे अवघड आहे. शेडमध्ये जागा कमी, रंगाचं काम शेजारी ग्राइंडिंग चालू असताना करतात, माझ्या उजव्या मडगार्डवर धूळ बसली होती, सांगितल्यावर परत मारून दिलं पण मुळात व्हायला नको होतं. आणि वायरिंग. वायरिंग बाहेरच्या इलेक्ट्रिशियनकडनं करून घेतात आणि ते बाकीच्या कामाच्या तोलाचं अजिबात नाही, जॉइंट नुसते पिळून टेप मारलेले, ब्रेक लाइटचा स्विच महिन्यात गेला. मी नंतर सगळं हार्नेस दुसरीकडं नवीन करून घेतलं. तुम्ही जाल तेव्हा आधीच सांगा की वायरिंग मी माझं बघतो.

पैसे. मजुरी आणि मशीनिंग मिळून १ लाख ८० हजार झाले, पार्ट वेगळे, पार्टची बिलं जशीच्या तशी हातात दिली, वर काही लावलं नाही. मॅनिफोल्डचा पॅटर्न, ओतकाम, फेसिंग धरून जे झालं ते बाजारातल्या चांगल्या पीसच्या दुप्पट, पण पॅटर्न आता त्यांच्याकडं आहे, पुढच्या माणसाला स्वस्तात पडेल, आणि मामांनी सांगितलंय की कुणी त्यावर ओतून घेतलं तर पॅटर्नचा निम्मा खर्च मला परत. काढलेला प्रत्येक जुना पार्ट पोत्यात भरून दिला. बिल वहीच्या पानावर, जीएसटीचं पाहिजे असेल तर तसं आधी बोला.

गाडी घ्यायच्या आधी दाखवायची असेल तर मामा शंभर किलोमीटरच्या आत कुठंही येतात, जायचा-यायचा खर्च आणि जेवण एवढंच घेतात. चेसिस, नंबर, ब्लॉकला तडा ह्या तीन गोष्टी बघून हो किंवा नाही सांगतात, आणि नाही म्हणाले तर घासाघीस करायला थांबू नका, निघून या. सध्या त्यांच्याकडं दोन गाड्या आत आहेत, तेव्हा नवीन काम घेतील ते उन्हाळ्यातच, आत्ता जाऊन नुसतं नाव घालून ठेवलं तरी चालेल.